ख्रिस्ती परंपरेत गेथशेमाने बागेला एवढं महत्त्व का?

तुमचा प्रश्न असा आहे: बेथलेहेम समजतं, क्रूस समजतो, रिकामी कबरही समजते, पण गेथशेमाने बागेत तर एकही चमत्कार झाला नाही, मग तिला एवढा मान कशासाठी? शिवाय तिथली ऑलिव्हची झाडं खरोखर येशूच्या काळातली आहेत का आणि जेरुसलेमला गेलं तर तिथे बघण्यासारखं काय आहे, हेही तुम्ही विचारलंय.

मी वसईचा कॅथलिक. धर्मशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. पण हा प्रसंग लहानपणापासून दर प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, ऐकत आलोय, त्यावर जमेल तसं वाचलंय आणि गावच्या यात्रेकरूंबरोबर जाऊन ती बाग पाहूनही आलोय. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

आधी प्रसंग काय तो बघू. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचं जेवण झाल्यावर, रात्रीच्या वेळी, येशू शिष्यांना घेऊन शहराबाहेर पडला, किद्रोनचा ओहळ ओलांडून जैतुनांच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, डोंगराच्या पायथ्याशी आला. त्यांची ही नेहमीची बसण्या-उठण्याची जागा. त्याच्याशी दगा करणाऱ्या यहूदा या शिष्याला ती ठाऊक होती, म्हणून तर तो पकडायला आलेल्यांना नेमका तिथे घेऊन आला. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार. त्यांपैकी मत्तय आणि मार्क जागेचं नाव गेथशेमाने असं देतात, पण तिला बाग म्हणत नाहीत. योहान बाग म्हणतो, पण नाव सांगत नाही. लूक नुसता डोंगर सांगून मोकळा होतो. या सगळ्यांची बेरीज करून आपण ‘गेथशेमाने बाग’ म्हणतो. फुलझाडं, हिरवळ असं काही डोळ्यांपुढे आणू नका. ऑलिव्हची वाडी आणि तिथेच तेलाचा घाणा, असं ते ठिकाण.

तिथे आल्यावर त्याने बाकीच्यांना एका जागी बसवलं आणि पेत्र, याकोब, योहान या तिघांना घेऊन थोडं पुढे गेला. त्यांना म्हणाला, माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, तुम्ही इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. मग आणखी थोडं पुढे जाऊन तो जमिनीवर पालथा पडला आणि प्रार्थना केली: हे बापा, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळू दे, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. (प्याला म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण.) परत येऊन बघतो तर तिघं झोपलेले. उठवलं, पुन्हा गेला, तीच प्रार्थना. पुन्हा आला, पुन्हा झोपलेले. असं तीनदा. तेवढ्यात दिवे-मशाली घेऊन माणसं आली, यहूदाने मुका घेऊन ओळख पटवली, येशूला धरलं आणि सगळे शिष्य पळाले. मार्कने तर अंगावरचं तागाचं वस्त्र शिपायांच्या हातात सोडून नागव्याने पळालेल्या एका तरुणाचाही उल्लेख केलाय. तो कोण, का आला होता, याचा पुढे-मागे काही पत्ता नाही. असले तपशील कुणी रचून घालत नाही, असं मला नेहमी वाटतं.

(चमत्कार तसा एक आहे. पेत्राने तलवार काढून प्रमुख याजकाच्या दासाचा कान छाटला, तो येशूने बरा केला असं लूक सांगतो. पण त्या कानासाठी बागेची आठवण कुणी काढत नाही.)

आता महत्त्वाचं. तुम्ही ज्याला उणीव म्हणताय, तेच बागेचं महत्त्व आहे. इथे देवाचा पुत्र घाबरला. त्याने सुटका मागितली आणि ती मिळाली नाही. आकाशातून आवाज आला नाही, प्याला टळला नाही. लूकच्या शुभवर्तमानात एक देवदूत येऊन त्याला बळ देतो आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. पण त्या दोन ओळी अगदी जुन्या काही हस्तलिखितांत नाहीत. त्या नंतर कुणी घातल्या की मूळच्या कुणी गाळल्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. गाळल्या असतील तर कारण उघड आहे: ज्याला देव म्हणून भजायचं, त्याला असं घामाघूम झालेलं दाखवायला लाज वाटली असणार.

लाज वाटायला जागाही होती. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या एका ग्रीक विद्वानाने ख्रिस्ती लोकांची यथेच्छ टिंगल केली. त्याचा एक सवाल असा: तुमचा देव रडतो काय, भाकतो काय, मरणाची भीती टळू दे म्हणून गयावया करतो काय! ग्रीक-रोमन वाचकांपुढे मरणाचा नमुना म्हणजे सॉक्रेटिस. विषाचा प्याला हातात घेऊन मित्रांशी शांतपणे गप्पा मारणारा. त्याच्याशेजारी बागेतला येशू फारच केविलवाणा दिसतो. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने सेल्ससला सविस्तर उत्तर दिलं, आणि सेल्ससचं म्हणणं आज आपल्याला कळतं तेही ओरिजेनने ते उतरवून घेतलं म्हणूनच. तरी चर्चने हा प्रसंग पोथीतून काढला नाही, झाकलाही नाही. उलट दरवर्षी मोठ्याने वाचायचा ठरवला.

पुढे या एका प्रार्थनेवरून साम्राज्य हादरलं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. सातव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटांना, ख्रिस्त देव कसा आणि माणूस कसा या वादावरून फुटलेली चर्चं एकत्र आणायची होती. सीरिया आणि इजिप्त अरबांच्या हाती जात होते, राजकीय गरज मोठी होती. तोडगा असा निघाला की ख्रिस्ताचे स्वभाव दोन, दैवी आणि मानवी, पण इच्छा एकच. मॅक्सिमस नावाच्या एका संन्याशाने याला विरोध केला. त्याचा आधार काय, तर गेथशेमानेची प्रार्थना. ‘माझी इच्छा नको, तुझी होवो’ असं म्हणायला आधी ‘माझी’ अशी इच्छा असायला हवी ना? ख्रिस्ताला खरोखरची माणसाची इच्छा होती, जगावंसं वाटणारी, मरणाला बिचकणारी; तिने त्या रात्री झगडून होकार दिला, म्हणूनच त्या होकाराला किंमत आहे. इच्छा एकच होती म्हटलं की बागेतली सगळी रात्र नुसतं नाटक ठरते.

सम्राटाने या विषयावर बोलायलाच बंदी घातली होती. मॅक्सिमस गप्प बसला नाही. म्हाताऱ्या वयात त्याची जीभ छाटली, उजवा हात तोडला आणि त्याला आजच्या जॉर्जियाच्या बाजूला हद्दपार केलं. तिथेच तो 662 मध्ये वारला. पाठोपाठ 680-681 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरली आणि तिने त्याचंच मत मान्य केलं: ख्रिस्तात दोन इच्छा. आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट हेच मानतात. आमच्याकडे चर्चमध्ये बसणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी मॅक्सिमसचं नाव ऐकलेलं नसेल, पण ते जे मानतात त्यात त्या छाटलेल्या जिभेचा वाटा आहे.

दुसरी एक गोष्ट मला तिथे उभं राहिल्यावरच कळली, आधी शंभरदा ऐकूनही नव्हती कळली. बाग उतारावर आहे. समोर दरी, दरीपलीकडे शहराची भिंत, सगळं नजरेच्या टप्प्यात. वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणजे चांदणं होतं. मशाली घेऊन निघालेली तुकडी भिंतीकडून खाली उतरताना बागेतून दिसलीच असणार. आणि पाठीमागे डोंगर. चढून माथ्यावर गेलं की पलीकडच्या अंगाला बेथानी हे गाव, जिथे त्याची हक्काची माणसं राहत होती. त्यापुढे यहूदियाचं रान, जिथे एकदा शिरलेला माणूस सापडणं कठीण. पळून जायला वाट होती, वेळही होता. उठून चालू लागायचं एवढंच. तो थांबला. क्रूसावर खिळल्यावर निवडायला काही उरत नाही. निवड जी काय झाली ती इथे झाली. म्हणून तर 1991 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्रूसाच्या वाटेचा (येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका प्रसंगापाशी थांबत करायच्या प्रार्थनेचा) जो नवा, शास्त्राधारित क्रम रोममध्ये चालवला, त्याचा पहिला थांबा येशूला मरणाची शिक्षा देणाऱ्या पिलात या रोमन सुभेदाराच्या वाड्यात न ठेवता गेथशेमानेत ठेवला. जपमाळ म्हणताना येशूच्या दुःखाचे जे प्रसंग मनात आणतात, त्या दुःखाच्या रहस्यांमध्येही पहिलं रहस्य बागेतल्या प्रार्थनेचंच असतं.

या प्रसंगाचा आधार कुणाला वाटतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण टॉमस मोर यांचं. इंग्लंडचे हे माजी चॅन्सलर राजा आठव्या हेन्रीला चर्चचा प्रमुख मानायची शपथ घेईनात म्हणून लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते. शिरच्छेद होणार हे जवळपास नक्की. तिथे बसून त्यांनी शेवटचं जे लिहिलं ते ख्रिस्ताच्या बागेतल्या दुःखावर, लॅटिनमध्ये. त्यांचं म्हणणं साधारण असं: शूर हुतात्मे हसत मरणाला सामोरे जातात, त्यांचं कौतुकच, पण ज्यांचे पाय लटपटतात त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ख्रिस्त स्वतः आधी घाबरून दाखवतो, की माझ्या मागून या, माझ्या वस्त्राचा काठ धरा. ‘त्यांनी येशूवर हात टाकले’ इथवर लिखाण येतं आणि थांबतं; पुढे त्यांचे कागद-शाई काढून घेतले गेले. जुलै 1535 मध्ये त्यांना मारलं. त्यांच्या हस्ताक्षरातलं ते बाड आजही स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला आहे.

झोपलेल्या शिष्यांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण आमच्यासारख्या साध्या लोकांच्या भक्तीत बाग जी काही जिवंत आहे ती त्या झोपेमुळे. ‘तासभरही जागे राहवलं नाही का?’ हा प्रश्न येशूने पेत्राला विचारला आणि ख्रिस्ती लोक तेव्हापासून त्याचं उत्तर द्यायच्या खटपटीत आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली होती. पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या, रात्री काय चाले ते तिने लिहून ठेवलंय. लोक डोंगरावर रात्रभर स्तोत्रं गात जागायचे, मग पहाटेच्या आधी उपासाने थकलेल्या पायांनी, लहान मुलांसकट, हळूहळू गेथशेमानेत उतरायचे. तिथे दोनशेहून जास्त मेणबत्त्या तयार असत. अटकेचा भाग वाचला की लोक असा आक्रोश करत की तो पार शहरात ऐकू जाई.

आमच्याकडे आक्रोश नाही, पण जागरण आहे. पवित्र गुरुवारची संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, मुख्य वेदीवरून काढून बाजूच्या एका वेदीत नेऊन ठेवतात. ती वेदी त्या दिवशी अक्षरशः बाग करून टाकायची असते. दुपारपासून घराघरातून कुंड्या येतात. क्रोटन, नेचे, अनंताची डहाळी, मोगऱ्याच्या माळा. कुणाच्या कुंड्या पुढे आणि कुणाच्या मागे यावरून थोडी कुरबूरही होते. मिस्सेतल्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा बंद, थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत. घंटेऐवजी लाकडी खटखट्या वाजतो. मग आळीआळीला तास वाटून दिलेले असतात. आठ ते नऊ या आळीचा, नऊ ते दहा त्या आळीचा. शेवटचा, मध्यरात्रीच्या आधीचा तास कुणाला नको असतो, कारण दिवसभर वाडीत काम करून आलेल्यांना तेव्हा झोप आवरत नाही. पुढच्या बाकावरचे आजोबा पेंगत असतात, त्यांचं डोकं खाली गेलं की आजी कोपराने ढोसते. फादर काही बोलत नाहीत. पेत्राला जे जमलं नाही ते आमच्या आजोबांना जमावं अशी अपेक्षा तरी कशी करायची!

आदाम-हव्वेच्या एदेन बागेचाही उल्लेख करतो, कारण प्रवचनात तो हमखास येतो. पहिल्या माणसाने बागेत ‘माझी इच्छा’ म्हटलं, ख्रिस्ताने बागेत ‘तुझी इच्छा’ म्हटलं. आणि योहानाच्या म्हणण्याप्रमाणे त्याला पुरलं तेही बागेत, जिथे पुनरुत्थानानंतर मग्दालिया मरिया या शिष्येला तो आधी माळीच वाटला. जोडणी सुरेख आहे, जुनी आहे, आणि योहानाने बाग हा शब्द मुद्दाम वापरला असावा असं मलाही वाटतं. पण नुसती ही जोडणी ऐकून कुणाला धीर आल्याचं मी पाहिलेलं नाही. भीतीचा भाग ऐकून आलेला पाहिलाय.

ऑर्थोडॉक्स लोकांकडे मात्र चित्र जरा वेगळं आहे. ग्रीक माणसाला गेथशेमाने म्हटलं की आधी आठवते ती तिथलीच येशूच्या आईची, मरियेची कबर. ऑगस्टच्या अखेरीस तिच्या सणाला शहरातून तिची प्रतिमा मिरवत तिथे आणतात, आणि गर्दी त्यांची ती.

आता झाडं. बागेत आठ जुनी झाडं आहेत. खोडं इतकी जाड, गाठीगाठींची आणि आतून पोकळ की बघणाऱ्याला ती दोन हजार वर्षांची वाटली तर त्याचा दोष नाही. पण इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष 2012 मध्ये जाहीर झाले. तीन झाडांच्या खोडाचं वय काढता आलं: ती 1092, 1166 आणि 1198 च्या सुमाराची निघाली. बाकीच्या झाडांची आतली लाकडं कुजून गेल्यामुळे वय काढता येईना. म्हणजे जमिनीवरचं खोड क्रूसयुद्धांच्या काळातलं. गंमत पुढे आहे. आठही झाडांचा डीएनए सारखा निघाला. ती एकाच मूळ झाडाच्या फांद्या लावून वाढवलेली आहेत. कुणीतरी एक विशिष्ट झाड मोलाचं मानून त्याचीच रोपं केली. ते मूळ झाड किती जुनं होतं, हे काही त्यातून निघत नाही. ऑलिव्ह तोडलं तरी मुळातून पुन्हा फुटतं, म्हणून भाविक माणूस मुळांकडे बोट दाखवतो. दुसरीकडे, इसवी सन 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमला वेढा घातला तेव्हा आसपासची सगळी झाडं तोडली, असं त्या काळचा इतिहासकार जोसेफस सांगतो. तुमचा गाइड ‘हीच ती झाडं’ म्हणाला तर वाद घालू नका, पण विश्वासही ठेवू नका.

जागा तीच का, याबद्दल मात्र परिस्थिती बरी आहे. चौथ्या शतकापासून यात्रेकरू याच परिसरात येत आलेत. 2020 मध्ये तिथे भुयारी वाटेचं काम चालू असताना येशूच्या काळातलं, खडकात खोदलेलं शुद्धिस्नानाचं एक कुंड सापडलं. यहुदी रिवाजाप्रमाणे तेल शुद्ध राहायचं तर ते गाळणाऱ्यांनीही शुद्ध असायला हवं, त्यामुळे घाण्याजवळ असं कुंड असणं अगदी जुळतं. नेमकी हात-दोन हात जागा कुणी दाखवू शकत नाही. त्या उतारावर कुठेतरी, एवढं पुरे.

बघण्यासारखं काय? बाग लहान आहे, जेमतेम बारा गुंठे. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या ताब्यात. झाडांभोवती कुंपण, बाहेरून फेरी मारायची, हात लावता येत नाही. बाजूच्या रस्त्यावरून बस सारख्या जात असतात, हॉर्न ऐकू येतात. शरद ऋतूत ऑलिव्ह उतरवतात. तेल देवळातल्या दिव्यांना जातं आणि बियांच्या जपमाळा करतात. शेजारी मोठं चर्च आहे, 1924 मध्ये पूर्ण झालेलं. बारा देशांनी पैसे दिले म्हणून सर्व राष्ट्रांचं चर्च म्हणतात. आर्किटेक्ट इटलीचे अंतोनियो बार्लुत्सी. त्यांनी खिडक्यांना जांभळट रंगाचे पातळ दगडी तावदान बसवलेत, त्यामुळे बाहेर कडक ऊन असलं तरी आत कायम रात्र. वर छतावर तारे. वेदीसमोर उघडा खडक सोडलाय आणि त्याभोवती काटेरी मुकुटासारखं बुटकं लोखंडी कडं आहे. त्याच खडकावर येशूने प्रार्थना केली अशी श्रद्धा. लोक गुडघे टेकून खडकावर तळहात ठेवतात, कुणी कपाळ टेकतं. आमच्या गटातल्या बायकांनी घरच्या सगळ्यांच्या जपमाळा पिशवीतून काढून खडकाला लावून घेतल्या, त्यात बराच वेळ गेला आणि मागचा कोरियन गट ताटकळला.

शक्य असेल तर पवित्र गुरुवारी जा. त्या रात्री तिथे तासभराची आराधना असते आणि मग मेणबत्त्या घेऊन लोक दरी ओलांडून, अटकेनंतर पेत्राने ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणून त्याला नाकारलं त्या ठिकाणच्या चर्चपर्यंत चालत जातात. गर्दी प्रचंड असते, आत जागा मिळायची तर बरंच आधी पोचा. एरवी सकाळी दार उघडल्या उघडल्या जा, बसगाड्या यायच्या आत.

आणि गुहा चुकवू नका. मरियेच्या कबरीच्या चर्चसमोरच्या अंगणात उभं राहिलं की उजव्या हाताला एक अरुंद बोळ जातो, तो थेट गेथशेमानेच्या गुहेत. खडकातली ठेंगणी गुहा, इथेच तेलाचा घाणा होता, आणि दाबाचा वासा अडकवायची खोबण होती असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. काही अभ्यासकांच्या मते येशू आणि शिष्य रात्री उतरायचे ते इथे. ऑलिव्हचा हंगाम शरद ऋतूत, वल्हांडण वसंतात, म्हणजे तेव्हा घाणा रिकामा. आणि ती रात्र थंडीची होती, अटकेनंतर येशूला नेलं त्या प्रमुख याजकाच्या अंगणात लोक शेकोटी करून बसले होते असं योहान सांगतो. उघड्यावर झोपण्यापेक्षा कोरडी, उबदार गुहा केव्हाही बरी. मला हे पटतं. बहुतेक टूरवाले चर्च आणि झाडं दाखवून गटाला बसमध्ये बसवतात, गुहेचं नावही काढत नाहीत, तेव्हा गाइडला आधीच सांगून ठेवा.